जांभळ्या संघावर लावलेले पाच डॉलर

मी बेकायदेशीर जुगार खेळलेली नाही, हे सिद्ध करायला मला चार महिने, एक फाइल आणि एक प्रेशर कुकर लागला.

सई आणि ओम, तुमच्या आईने हे तुम्हाला वाचून दाखवताना मधलं काही गाळलं, तर तिला पुन्हा वाचायला लावा. कारण या प्रकरणाची सुरुवात तुमच्याच नेपरव्हिलच्या घरात झाली आणि सुरुवात करणारे होते तुमचे बाबा.

दिवाळीचा रविवार होता. मी सिंकशेजारी करंज्या लाटत होते. टीव्हीवर ते अमेरिकन फुटबॉल चालू होतं, ज्यात फूटचा आणि बॉलचा संबंध कधीतरीच येतो. तुमचे बाबा माझा फोन घेऊन आले.

"आई, हे ॲप तुमच्या फोनवर घेतलं की तुम्हालाही बोनस, मलाही बोनस. तुम्ही फक्त कुठल्यातरी एका टीमवर पाच डॉलर लावायचे."

"मिलिंद, हा जुगार ना?"

"आई, इथे लीगल आहे. सगळे खेळतात."

जावई काही मागतोय आणि सासू नाही म्हणतेय, असं आमच्या घराण्यात अजून झालेलं नाही. शिवाय बोनस हा शब्द! मी विचारलं, "टीम कुठली?" ते म्हणाले, "कुठलीही. सीझनच्या शेवटी कोण जिंकणार ते सांगा." मी टीव्हीकडे पाहिलं. एका संघाचा रंग जांभळा होता, त्याला सोनेरी काठ. अगदी माझ्या साखरपुड्याच्या साडीसारखा! मी म्हटलं, "हे." तर्जनीला पीठ लागलं होतं म्हणून करंगळीने बटण दाबलं आणि पुढच्या करंजीकडे वळले.

कॅलिफोर्नियाला, आमच्या फ्रीमाँटच्या घरी परत आल्यावर एक दिवस सहज वाटलं, आपली मुलं काय करताहेत बघावं. (जांभळी मुलं. तुम्ही नव्हे.) ॲप उघडलं. त्याने विचारलं, तुम्ही कुठे आहात? मी खरं ते सांगितलं. लगेच पडद्यावर लाल अक्षरं: तुम्ही जिथे आहात तिथे खेळायला परवानगी नाही!

मला वाटलं, यंत्राची काहीतरी चूक असेल. पुन्हा उघडलं. पुन्हा लाल. मी नियमाने काम करणारी बाई. एकदा न जमलेली गोष्ट सोडून देणं स्वभावात नाही. सतरा वेळा उघडलं. सतरा वेळा लाल.

नेमकं त्याच दुपारी टपालात पत्र आलं. माझी नागरिकत्वाची मुलाखत ठरली होती, फेब्रुवारीत.

ही मुलाखत म्हणजे माझ्यासाठी काय होतं, ते तुम्हाला ठाऊक नाही. पुण्याला माझी बहीण सुमन, तुमची मावशीआजी, खुब्याच्या ऑपरेशननंतर एकटी आहे. मला तिच्याजवळ वर्षभर राहायचं होतं. पण ग्रीन कार्डवर इतके दिवस बाहेर राहिलं, की परत येताना विमानतळावर उलटतपासणी. पासपोर्ट मिळाला, की कुणाला विचारायला नको. आजोबांना तो आधीच मिळाला होता. अडकले होते मी.

अर्जाची प्रत काढून पुन्हा वाचली. त्यात एक प्रश्न होता: तुम्ही कधी बेकायदेशीर जुगार खेळलात का, किंवा त्यातून उत्पन्न मिळवलंत का? अर्ज भरला तेव्हा मी हसत हसत 'नाही'वर खूण केली होती. आता हसू येईना.

"अहो, मी गुन्हेगार आहे," मी आजोबांना सांगितलं.

"कुठल्या खात्याची?" त्यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

मी मग रीतसर अभ्यास केला. नाशिकच्या शाळेत तीस वर्षं परीक्षांची वेळापत्रकं मीच करत असे. एक मोठा कागद घेतला, सगळी राज्यं लिहिली आणि स्केचपेनने रंगवली. चालतं तिथे हिरवं, चालत नाही तिथे लाल, चालतं पण भानगडी आहेत तिथे पिवळं. तुमचं इलिनॉय हिरवं. न्यू जर्सी हिरवं. टेक्सस लाल. नेवाडा पिवळं, कारण नाव नोंदवायला आधी कॅसिनोत जाऊन यावं लागतं. उटाहमध्ये तर विचारायचंसुद्धा नाही. आणि आमचं कॅलिफोर्निया लाल! इथे घरबसल्या घोड्यांवर पैसे लावता येतात, फुटबॉलवाल्या माणसांवर नाही. (का, ते मला विचारू नका. मी फक्त रंगवलं.)

"राज्याराज्यांत एवढा फरक?" आजोबा शेवटी उठून तक्ता बघायला आले. "म्हणजे मधल्या विमानात बसून लावले तर?"

"तुम्ही मला आणखी घाबरवू नका!"

पण खरी भीती वेगळीच होती. डाव इलिनॉयमध्ये लावला होता, निकाल मात्र मी कॅलिफोर्नियात असताना लागणार होता. जांभळे जिंकले, तर मला लाल राज्यात जुगाराचं उत्पन्न मिळणार! तेव्हा त्यांनी हरणं अत्यंत गरजेचं होतं. आणि ते तर मेले प्रत्येक रविवारी जिंकत सुटले. मी गणपतीला एकवीस दूर्वा वाहून सांगायची, "बाबा रे, यांना थोडी अक्कल कमी दे."

जांभळे फायनलला पोचले.

तुमच्या अभयमामाने त्या दिवशी घरी आठ जणांना बोलावलं होतं. बटाटेवडे, चिप्स, आरडाओरडा. मी कोपऱ्यात हात जोडून बसले.

"आई, तू कुणाकडून?" मामाने विचारलं.

"कुणाकडूनही नाही. पण जांभळे हरू देत."

"का गं? त्यांनी काय केलंय तुला?"

"साडीसारखे दिसतात!"

या खेळातलं शेवटचं एक मिनिट पंचवीस मिनिटं चालतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्या पंचवीस मिनिटांत माझं वय चार वर्षांनी वाढलं. शेवटी एका जांभळ्या पोराने चेंडूला लाथ घातली, तो दोन खांबांच्या मधून गेला आणि सगळं घर उभं राहून नाचायला लागलं. माझ्या मांडीवर फोन थरथरला. अभिनंदन! पाचाचे पंचेचाळीस झाले होते.

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात पळाले. हे यंत्र क्षणोक्षणी मी कुठे आहे ते कुणालातरी कळवतंय, हे मला ठाऊक होतं. धातूच्या डब्यात सिग्नल जात नाही, असं कुठेतरी वाचलं होतं. फोनला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळला, कुकरमध्ये ठेवला, झाकण लावलं, शिटीसुद्धा बसवली.

सकाळी आजोबा ओरडत आले. "अगं, कुकर घंटा वाजवतोय! आणि गॅस तर बंद आहे!"

(कुकरमध्ये सिग्नल उत्तम येतो. नोंद घ्या.)

त्यांनी झाकण काढलं, कागद सोडवला, व्हिडिओ कॉल घेतला आणि आतून तुमच्या बाबांचा चेहरा बाहेर आला. "आई, काँग्रॅच्युलेशन्स! पार्टी कधी?"

मग सगळं सांगावंच लागलं. मामा डोक्याला हात लावून बसला. "आई, प्लीज! परवा मुलाखत आहे. ऑफिसर विचारेल, तू 'नो' म्हणायचं आणि स्माइल करायचं. बस्स."

"आणि शपथ घेऊन खोटं बोलायचं? शाळेत मुलींना छडी मारली आहे मी खोटं बोलल्याबद्दल!"

बुधवारी तक्त्याची फाइल घेऊन आत गेले. ऑफिसरबाई वयस्क आणि शांत होत्या. इतिहासाचे प्रश्न मी त्यांचं वाक्य संपायच्या आत सोडवले. मग अर्जावरचे प्रश्न सुरू झाले. सरकार उलथवायचा प्रयत्न केलात? नो. एका वेळी एकाहून जास्त नवरे? नो. (एकच पुरतोय.) बेकायदेशीर जुगार?

"इट डिपेंड्स, मॅडम."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कशावर?"

"राज्यावर," असं म्हणून मी तक्ता टेबलावर उलगडला. तो त्यांच्या कीबोर्डवरून पलीकडे लोंबला.

बाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "डाव लावताना तुम्ही कुठे उभ्या होतात?"

"मुलीच्या घरी, सिंकपाशी."

"ते सिंक कुठल्या राज्यात आहे?"

"इलिनॉय."

"मग उत्तर 'नो'."

"पण मॅडम, पैसे मिळाले तेव्हा मी फ्रीमाँटमध्ये..."

"टॅक्स भरताना दाखवा. उत्तर 'नो'."

"आणि फ्रीमाँटमध्ये सतरा वेळा ॲप उघडलं!"

"त्याने खेळू दिलं?"

"नाही."

"मॅडम," त्या फार सावकाश म्हणाल्या, "नो."

"असं लिहून मिळेल का?"

लिहून मिळालं नाही. पण बाई तक्त्यावर बोट फिरवत होत्या. "नेवाडा पिवळं का?" मी समजावलं. "टेक्सस खरंच लाल? माझा भाऊ असतो तिथे..." एवढं बोलून त्यांनी घाईने माझा अर्ज पुढे ओढला आणि मी पास झाल्याचं सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुमनला काय काय न्यायचं, याची यादी मी खुर्चीतून उठता उठताच सुरू केली.

बाहेर आले तर आजोबांनी माझ्याकडे बघायच्या आधी घड्याळाकडे पाहिलं.

"एक तास दहा मिनिटं! अभय, मसाला डोसा!"

"म्हणजे?" मी विचारलं.

मामा ओशाळला. "अगं, मी म्हटलं होतं, वीस मिनिटांत येईल. बाबा म्हणाले, पुरवण्या जोडल्याशिवाय ती उत्तर देणार नाही, तासाच्या वर जाईल."

सरकारी कचेरीत, माझ्या अब्रूवर, बापलेकांनी पैज लावली होती! मी दोघांशी बोलणं बंद केलं. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि जिंकलेला डोसा चांगला हातभर लांब होता. निम्मा मी खाल्ला.

काल शपथविधीचं पत्र आलं. सोबत छोटा फॉर्म आहे. त्यात विचारलंय, की मुलाखतीनंतरच्या काळात बेकायदेशीर जुगारातून तुम्हाला काही उत्पन्न मिळालं का? पाऊण तास झाला, मी पेन हातात धरून बसले आहे.

"अगं, 'नो' लिही आणि मोकळी हो," आजोबा म्हणाले. "डोसा काही उत्पन्न होत नाही."

"आणि चटणी?" मी विचारलं. "चटणी तर मी दोनदा मागवली!"