गाळलेली अकरा मिनिटं

चोवीस वर्षं ती न्यायालयात लघुलेखिका होती. साक्षीदार बोलायचा आणि तिची पेन्सिल धावायची. हुंदका लिहायचा नसतो, खोकला लिहायचा नसतो, आणि साक्षीदार मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत बसला तर तेही लिहायचं नसतं. मुलगी नोकरीला लागली तशी हिने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर समाजशास्त्र विभागात पीएचडीला नाव घातलं. नवरा म्हणाला, या वयात लोक गुडघे सांभाळतात. तिने ते कानाआड केलं.

विषय होता अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात फोन घेणाऱ्या बायकांचा. नऊ जणींच्या मुलाखती तिने रेकॉर्ड केल्या आणि शब्दन् शब्द उतरवला. मग वाक्यं कापून रंगीत चिठ्ठ्यांवर डकवली आणि जेवणाच्या टेबलावर गठ्ठे लावले: ताण, वरिष्ठ, कामाच्या पाळ्या, यंत्रसामग्री. आठवडाभर घरातले मांडीवर ताट घेऊन जेवत होते.

मार्गदर्शक बाई तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान होत्या. गठ्ठ्यांचे फोटो बघून त्यांनी विचारलं, पाचव्या बाईंची गोष्ट यात कुठे आहे? सगळ्याच गठ्ठ्यांत आहे, असं हिने सांगितलं.

"म्हणजे कुठेच नाही," बाई म्हणाल्या. "आता ती सलग वाचा, गोष्ट म्हणून. त्या सुरुवात कुठून करतात, कुठे रेंगाळतात, काय गाळतात, 'मी' कुठे म्हणतात आणि 'आम्ही' कुठे. काय घडलं ते नंतर बघू. त्यांनी ते असंच का सांगितलं, ते आधी बघा."

हिने चिठ्ठ्या बाजूला सारल्या आणि ती मुलाखत पहिल्यापासून वाचायला घेतली. एका चारमजली इमारतीला दुपारी लागलेल्या आगीची ती हकिगत होती. तीन माणसं गेली होती. त्या पाचव्या फोनवालीला वेळा तोंडपाठ होत्या. तीन चारला चहा आला, तीन दहाला पहिला फोन, तीन अकराला गाड्या सोडल्या, तीन बावीसला गाडी पोहोचली. इतका वेळ प्रत्येक वाक्यात 'मी' होती. पुढे मात्र 'आम्ही' सुरू झालं, ते शेवटपर्यंत. आणि तीन अकरा ते तीन बावीस, कामाचं काहीच नाही.

न्यायालयात मुरलेला कान टवकारला. इथे पाणी मुरतंय, असं तिला वाटलं, आणि कुणाला न विचारता तिने सरळ फोन लावला. त्या अकरा मिनिटांत तुम्ही कुठे होतात, असं विचारलं.

"ताई, चौकशीतही मला हेच विचारलं होतं," फोनवाली म्हणाली. "जागेवर होते. माझं बोलणं वापरू नका आता." आणि फोन ठेवला.

हिने लगेच बाईंना गाठून सगळं सांगितलं. विभागात समितीपुढे काम मांडायला पंधरा दिवस उरले होते आणि अख्खं प्रकरण याच मुलाखतीवर उभं होतं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, की संमतिपत्रावर 'केव्हाही माघार घेता येईल' हे आपणच लिहिलंय, तेव्हा रेकॉर्डिंग आणि कागद नेऊन द्या. मग त्यांनी विचारलं, "त्या अकरा मिनिटांच्या जागी त्या काय बोलल्या होत्या?"

"काही नाही. पंख्याचं. कुरकुरत होता म्हणून." आणि मग हळू आवाजात, "ती चिठ्ठी यंत्रसामग्रीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोनवालीच्या दारात उभी राहिली तेव्हा रेकॉर्डिंग आणि कागद तिच्या पिशवीत होते. आत बोलावलं नाही तर पिशवी दारातच द्यायची, असं तिने ठरवलं होतं. फोनवालीने तिला आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही. हिने ओट्यावर कागद ठेवले, पेनड्राइव्ह ठेवला. मी कोर्टासारखं विचारलं, चुकलंच माझं, म्हणाली. आणि जाता जाता म्हणाली, "तुम्ही पंख्याचं सांगत होतात. ते मी नीट ऐकलं नाही."

फोनवाली सिंकला टेकून उभी राहिली. हिच्या जिभेवर चार प्रश्न आले, चारही तिने गिळले.

"त्याने विचारलं, हा आवाज कसला येतोय," फोनवाली म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावर अडकलेला होता, फोनवर. मी म्हटलं, आमचा पंखा आहे. तर म्हणाला, आमच्या ऑफिसातला पण असाच रडतो. हसला सुद्धा."

पुढचं तिने भिंतीकडे बघत सांगितलं. दार बंद ठेवा, फटीला ओलं कापड लावा, जागेवरून हलू नका, गाडी येतेय, असं तिने त्याला सांगितलं होतं. नियमात तसंच होतं. जिना आणखी चार मिनिटं मोकळा होता आणि गेलेल्या तिघांत तो होता, हे तिला नंतर कळलं. चौकशीत तिची काहीच चूक निघाली नाही, उलट शाबासकीचं पत्र मिळालं. तो माणूस तिच्याशी काय बोलला, हे कुणी विचारलंच नाही.

"मी सांगितलं म्हणून तो थांबला," ती म्हणाली.

रेकॉर्डर बंदच होता. हिने पर्समधून पेन्सिल काढली नाही. घरी आल्यावर एक ओळही लिहिली नाही.

समितीपुढे तिने आठच मुलाखती मांडल्या. नऊच्या आठ कशा झाल्या, असं एका सदस्याने खोचकपणे विचारलं. एकीने माघार घेतली, असं तिने सांगितलं. प्रकरण लंगडं आहे, असा शेरा मिळाला आणि वर सहा महिन्यांची मुदत. घरी आल्यावर तिने टेबलावरचे गठ्ठे एका खोक्यात भरून माळ्यावर टाकले आणि उरलेल्या आठ मुलाखती एकेक करून पुन्हा ऐकायला घेतल्या, या वेळी थांबण्यांसकट.

सात आठवड्यांनी फोनवालीचाच फोन आला. तिला पुन्हा सांगायचं होतं, रेकॉर्डर चालू ठेवून.

प्रकरण लिहून झाल्यावर हिने ते तिला वाचून दाखवलं. फोनवालीने दोन दुरुस्त्या सांगितल्या. हिने इमारतीची लिफ्ट बंद पडली असं लिहिलं होतं, ती बंद केली होती. आणि 'अपराधभाव' हा शब्द काढा.

"तो माझा नाही," ती म्हणाली. "त्याला काय म्हणायचं ते अजून मलाच कळलेलं नाही."

मार्गदर्शक बाईंना तो शब्द हवा होता, दोन वेळा त्यांनी समासात तसं लिहिलं. लघुलेखिकेने दोन्ही वेळा तो खोडला.