जर्मनीची एक जागा

आमच्या तंत्रशाळेतून जर्मनीला जायला एकच जागा होती आणि ती माझी आहे, असं मी धरूनच चालले होते. तिथली मुलं आठवड्यातले काही दिवस कारखान्यात शिकतात आणि उरलेले शाळेत. वर्षभर राहून ती पद्धत बघायची, परत येऊन सुरतेत तसा अभ्यासक्रम उभा करायचा, म्हणजे इथल्या पोरांना परदेशात काम मिळेल. पोरांना वेल्डिंग शिकवण्यातच माझी अख्खी नोकरी सरली. निवृत्ती तोंडावर आलेली, त्यामुळे पुन्हा संधी नाही. मनात मांडे खाता खाता मी थंडीच्या कोटाचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता.

दुसरा अर्ज माझ्याच जुन्या विद्यार्थिनीचा. सुरतेतल्याच लिंबायत वस्तीत वाढलेली, घरी अहिराणी बोलणारी, आता आमच्याच विभागात वेल्डिंग शिकवणारी. अर्ज भरण्याआधी विचारायला आली होती, "मॅडम, मी पण भरू का?"

"भर की, अनुभव मिळेल," मी म्हणाले. मोठेपणा दाखवायला माझं काय जात होतं?

निवड करणारे जर्मन पाहुणे दोघींचे वर्ग बघणार होते. साहेब येणार म्हटल्यावर आपल्याकडे जे जे करतात ते सगळं मी केलं. वर्कशॉपला रंग दिला, दारात रांगोळी घातली, हुशार पोरं पुढे उभी केली, त्यांच्याकडून उत्तरं घोटून घेतली. पाहुण्यांनी काहीही विचारलं की पोरं एका सुरात बोलायची. पाहुणे हसले, नारळपाणी प्यायले आणि निघाले. मला वाटलं, झालं काम.

तिच्या वर्कशॉपमध्ये नेहमीचाच पसारा. एका पोराने केलेला वेल्डिंगचा जोड तिला पटेना. तिने ती पट्टी टेबलावरच्या लोखंडी व्हाइसमध्ये आवळली आणि हातोड्याने वाकवली. जोड तडकला. "फिरसे," ती म्हणाली. तेही पाहुण्यांसमोर! तो पुन्हा जोड करेपर्यंत पाहुणे तिथेच वाकून बघत राहिले, चहा आणला तर त्याला हात लावला नाही. जागा तिला मिळाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, खोटं कशाला बोलू? जोड वाकवून बघायला तिला शिकवलं कोणी? मीच. पण घरी पाहुणे आल्यावर फुटका कप कोणी पुढे करतं का? निरोपाच्या दिवशी सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून तिच्या हातावर दही-साखर मलाच ठेवावी लागली. ती पाया पडली. मी "यशस्वी हो" म्हटलं आणि तोंड फिरवलं. आता ती बर्फातले फोटो पाठवते. मी अंगठा पाठवते आणि मग फोटो मोठा करून तिचा कोट बघत बसते. चांगला आहे.

तिचे वर्ग सध्या माझ्याकडे आहेत. परवा नवागामच्या एका पोराने जोड दाखवायला आणला. मी पट्टी व्हाइसमध्ये धरली, जोर लावून वाकवली. जोड टिकला. पोरं खूश झाली.

"आप तो बिलकुल हमारी मॅडम जैसा करते हो," तो कौतुकाने म्हणाला.

"तिला मीच शिकवलंय," मी म्हणाले.

सगळी पोरं खो-खो हसली. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.