कापलेला प्रश्न

ऊर्मी भक्ताला घाणीची किळस कधी आली नाही. अलाबामात हमरस्त्यालगतच्या आईबापांच्या मोटेलात ती लहानाची मोठी झाली. न्हाणीच्या जाळीत अडकलेले केसांचे गुंते, बिअरने चिकट झालेले गालिचे, कुणाकुणाच्या मळक्या चादरी, सगळं ती हातमोजे चढवून निमूट उपसायची. तिला किळस यायची ती लाडिक बोलण्याची. कुणी गालाला हात लावून "किती गोड ग आमची ऊर्मी" म्हटलं, की ती तोंड धुऊन यायची.

चार वर्षांची होईतो ती बोललीच नव्हती. शाळेतली गोरी बाई म्हणाली, घरात गुजराती बोलणं बंद करा, पोर गोंधळलीय. गुजरातेत नवसारीला नेलं तर तिथल्या महाराजांनी राखेचं पाणी पाजलं आणि सांगितलं, हिला अमेरिका बाधलीय. इकडे भारत नडला, तिकडे अमेरिका. ऊर्मी आपली वेळ आल्यावर बोलायला लागली, आणि दोन्ही भाषांत. पण नवरात्रात ढोल घुमला की ती कान दाबून टेबलाखाली शिरायची. मग ताराबेनने, तिच्या आईने, तिला गरब्याला नेणंच सोडलं. कुणी विचारलं की दरवर्षी उत्तर ठरलेलं, "ताप आहे तिला."

एकोणतिसाव्या वर्षी एका डॉक्टरबाईंनी त्या साऱ्याला नाव दिलं, ऑटिझम. ऊर्मीला घट्ट बूट काढल्यासारखं वाटलं. परतताना गाडीत ताराबेन म्हणाली, "हे आपल्यातच ठेव हं. निरालीचं लग्न ठरतंय. घराण्यात असलं काही आहे कळलं तर?"

निराली म्हणजे मामाची मुलगी. तिच्या लग्नात ऊर्मीने तीनही दिवस हॉटेलच्या खोलीत काढले. "निराली म्हणते, तू वरच आराम कर," ताराबेनने सांगितलं होतं. जेवणाचं ताट वर यायचं. खिडकीतून वरात दिसत होती.

तीच निराली चार वर्षांनी कॅलिफोर्नियाहून माइक घेऊन मोटेलात अवतरली. तिचा पॉडकास्ट आता बराच चालायचा. आपण अमेरिकेतले भारतीय म्हणजे नेमके कोण, मेंदूंचे वेगळेपण, माणूस आतून कसा वाढतो, अशा गप्पा. आल्या आल्या तिने ऊर्मीला मिठीत घेतलं. अत्तराचा भपकारा ऊर्मीच्या घशात बसला.

"आम्ही सख्ख्या बहिणींसारख्या वाढलो," निराली माइकमध्ये म्हणाली. "हिला शब्द सापडायचे नाहीत, तेव्हा मीच हिचा आवाज व्हायचे."

"कधी?" ऊर्मीने विचारलं.

"अगं, लहानपणी!"

"लहानपणी तू मला मुकी म्हणायचीस."

निराली खळखळून हसली. "बघा, हा हिचा खरेपणा! देणगीच आहे ही. ऊर्मी, तुझ्याकडून मी स्वतःला माफ करायला शिकले."

"कशाबद्दल? लग्नात मला खोलीत ठेवलंस त्याबद्दल?"

निरालीचा हात माइकवर गेला. "हे काय काढलंस मध्येच? कापून टाकू हं आपण एवढं." आणि लगेच तोच मधाळ आवाज. "तर मंडळी..."

कार्यक्रम आला तेव्हा प्रश्न गायब होता. त्या जागी बासरी वाजत होती आणि निरालीचा हुंदका होता. त्यानंतर ताराबेनचा फोन थांबेना. ज्या बायका पूर्वी पोरींना ऊर्मीजवळून ओढून न्यायच्या, त्या आता म्हणत, "तारा, पुण्यवान ग तू!" समाजाच्या मेळाव्यात ऊर्मीने चार शब्द बोलावेत, असं बोलावणंही आलं. ताराबेन हरखून गेली. ऊर्मीला मात्र ते आवाज नकोसे झाले. तिने निरालीला फोन लावला.

"काढून टाक ते."

"ऊर्मी, हजारो आया ऐकतायत. किती जणींना धीर मिळालाय. एवढी स्वार्थी नको होऊस."

ऊर्मीने फोन ठेवला आणि ती मोरीत ओकली.

"एवढं काय झालं?" ताराबेन पाठोपाठ आली. "जन्मात पहिल्यांदा लोक चांगलं बोलतायत. बोलू दे की!"

"मी काय विचारलं, ते तिने कापलं."

"काय विचारलंस?"

ऊर्मीने सांगितलं. ताराबेन तिथेच कपडे धुण्याच्या यंत्राला टेकली. ती पदर नसलेल्या खांद्यावर पदर चाचपू लागली.

"निराली नव्हती म्हणाली," ती बोलली. "मीच म्हणाले. तिच्या सासरच्यांसमोर तू कान दाबून बसली असतीस... मला लाज वाटली. निरालीने एकदाही विचारलं नाही तू कुठे आहेस, हेही खरं. पण खोलीत मी ठेवलं तुला."

ऊर्मीने आईकडे पाहिलं. ताराबेनने तिच्या डोक्याकडे हात नेला, तशी ती एकदम मागे सरली. "हात नको लावूस."

त्या आठवड्यात दोघी एका स्वयंपाकघरात वेगवेगळ्या वेळी जेवल्या. बाप मध्ये पडायला गेला, तर ताराबेननेच त्याला गप्प केलं, "तिचं बरोबर आहे." मग मेळाव्याला बोलावणाऱ्या बाईचा पुन्हा फोन आला. एरवी ताराबेनने ऊर्मीच्या वतीने हो म्हणून टाकलं असतं. या वेळी तिने फोन मोटेलच्या काउंटरवर ऊर्मीसमोर धरला. "तिलाच विचारा."

"नाही येणार," ऊर्मी म्हणाली. "तुमचं बोलणं ऐकून मला किळस येते."

ताराबेनचा चेहरा उतरला, पण तिने फोन हिसकावला नाही, की 'तिच्या म्हणण्याचा अर्थ तसा नाही हो' अशी सारवासारवही केली नाही.

निरालीचा कार्यक्रम अजून तसाच आहे, बासरीसकट. नवरात्रात ताराबेन चनियाचोळी घालून दारात उभी राहिली. "येतेस?"

"नाही."

"विचारलं कुणी तर सांगेन, तिला यायचं नव्हतं."

"ताप नाही सांगणार?"

"नाही."

ऊर्मीने मान हलवली. आईबद्दलची किळस मनातून गेली नव्हती, आणि गेली असं खोटं दाखवायची तिला गरजही वाटली नाही. ताराबेनची गाडी हमरस्त्याला लागली. ऊर्मी हातमोजे चढवून बारा नंबरच्या खोलीकडे निघाली.