मास्तरांनी उसवलेले डाव

गल्लीच्या वळणावर एका खोलीचे शिवणकामाचे दुकान आहे. ते चालवणाऱ्या शिंप्याला सगळे जण मास्तर म्हणतात. वय पासष्ट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि गळ्यातली मोजपट्टी जेवतानाही काढायचे त्यांच्या ध्यानात राहत नाही. त्यांनी शिवलेला सदरा दुरुस्तीसाठी परत आला, असे कधी घडले नाही.

बुद्धिबळाच्या पटावर मात्र सगळे उलटे होते. त्यांच्या सुनेचे वडील निवृत्त पोस्टमन. हे व्याही दर रविवारी दुपारी दुकानात येत, कापड बेतण्याच्या टेबलावर पट मांडत, मास्तरांना चार वेळा हरवत आणि चहा पिऊन घरी जात. सहा वर्षांत मास्तर एकदाही जिंकले नव्हते.

त्या वर्षी व्याह्यांनी दूरच्या गावी, थोरल्या मुलाकडे, कायमचे राहायला जाण्याचे ठरवले.

"आता चारच रविवार उरले, व्याही," ते म्हणाले. "तेवढ्यात एकदा तरी जिंका."

"तिकडे हरायला दुसरा कुणी मिळेल की."

"मिळेल हो. पण तुमच्यासारखा मन लावून हरणारा कुठून आणू?"

मास्तर हसले, परंतु ते बोलणे त्यांच्या जिव्हारी लागले. हा माणूस गाव सोडण्यापूर्वी त्याला एकदा तरी मात द्यायचीच, असा त्यांनी निश्चय केला.

पुढच्या रविवारी त्यांनी पटाशेजारी खाकी कागद पसरला आणि कापडावर खुणा करायच्या खडूने चाली टिपायला सुरुवात केली.

"काय हो, माझ्या राजाला सदरा शिवताय का?"

"आधी माप तर घेऊ द्या."

चारही डाव गेले. सोमवारी सकाळी, पहिले गिऱ्हाईक येण्यापूर्वी, मास्तर कागद पाहून डाव पुन्हा मांडू लागले, तर दुसऱ्याच चालीला घोडे अडले. सून चहा घेऊन आली होती. तिने कागदावरून नजर फिरवली.

"मामंजी, या तर सगळ्या बाबांच्या चाली. तुमच्या कुठे आहेत?"

"माझ्या कशाला? माप गिऱ्हाइकाचं घ्यायचं असतं, शिंप्याचं नव्हे."

"पण हरलं कोण?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचा घात केला होता.

"तू माहेरची का सासरची गं?"

"चहा निवेपर्यंत सासरची."

दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी त्यांनी दोन्ही बाजूंच्या चाली टिपल्या. आठ डाव झाले आणि आठही गेले. परंतु या वेळी त्यांच्या हाती आठ पुरते डाव होते.

कपडा बिघडला, तर मास्तर तो टाकून देत नसत. शेवटची शिवण आधी उसवायची, मग तिच्या आधीची, आणि कापड पहिल्यांदा जिथे ओढले गेले असेल तिथे थांबायचे. त्याच रीतीने त्यांनी डाव उसवायला घेतले. आपण हत्ती गमावला म्हणून हरलो, असे त्यांना आजवर वाटत होते. एकेक चाल मागे गेल्यावर दिसले, की हत्ती गेला तो वजिराला वाचवताना. वजीर संकटात सापडला, कारण सहाव्या-सातव्या चालीलाच तो कडेचे एक फुकटचे प्यादे खायला धावला होता. आठांपैकी सहा डावांत हेच! मास्तर एकटेच खो खो हसू लागले.

"सूनबाई, सापडलं! मी खादाड आहे!"

"त्यासाठी एवढा कागद कशाला नासलात? सासूबाई तर रोज सांगतात."

शेवटच्या रविवारी व्याह्यांचे सामान गाडीत चढवायचे होते. वेळ एकाच डावापुरता होता, तरी मास्तरांनी चाली टिपायला कागद पसरलाच. सातव्या चालीला कडेचे प्यादे मोकळे दिसले. मास्तरांचा हात वजिराकडे निघाला, अर्ध्या वाटेत थांबला, आणि मागे येऊन गळ्यातली मोजपट्टी घट्ट धरून बसला. त्यांनी घोडा बाहेर काढला.

"का हो, आज भूक नाही वाटतं?"

"पथ्यावर आहे."

डाव लांबत गेला. व्याह्यांनी जोशात येऊन आपले दोन्ही हत्ती पुढे घातले. त्यांचा राजा मागच्या ओळीत, स्वतःच्याच तीन प्याद्यांच्या आड, एकटा राहिला. मास्तरांनी आपला हत्ती सरळ त्या ओळीत नेऊन ठेवला.

"शह."

व्याही पटावर वाकले.

"शह कसला, अहो, मात आहे ही!" त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की खडू, कात्री आणि चार प्यादी खाली पडली. "पोरी, ये लवकर! तुझ्या सासऱ्यानं मला धूळ चारली!"

"मग एवढे खूश काय होताय, बाबा? जिंकलं कोण?"

मास्तर मान हलवत आणि डोळे पुसत होते. व्याही मात्र खुर्ची पुढे ओढून ऐटीत बसले.

"उसवा. तुमची युक्ती पोरीनं सांगितलीय मला. माझं कुठे बिघडलं, दाखवा."

मास्तर कागद पाहून एकेक चाल मागे नेऊ लागले.

"हे पाहा, इथे तुम्ही दुसरा हत्ती काढलात."

"मी? छे! ही चाल मी केलीच नाही."

"इथे लिहिली आहे."

"खडू तुमचा, कागद तुमचा, काय वाटेल ते लिहाल!"

"बाबा, गाडीवाला ओरडतोय," सून दारातून म्हणाली.

"ओरडू दे," दोघेही एकदम म्हणाले, आणि व्याह्यांनी आपला हत्ती उचलून पुन्हा मागच्या ओळीत ठेवला.