भावाचा गेम, आईचा आवाज

माझ्या धाकट्या भावाने पुण्याची नोकरी सोडली आणि सोलापुरात घरी येऊन एक कॉम्प्युटर गेम बनवला. तो मी पूर्ण खेळले आहे आणि तो मला आवडलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे गेमबद्दल चार बरे शब्दही येतील आणि त्यावरून कुणी गैरसमज करून घ्यायला नको.

मी टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळते. कुठला गठ्ठा कुठल्या गाडीत, कुठला माल परत आला, का आला, हे लिहून ठेवणं माझं काम. घरीही तीच सवय आहे. किराणा, आईच्या गोळ्या, गॅस, कुणाचं लग्न, काय द्यायचं, सगळ्याच्या याद्या. भाऊ म्हणतो, "अक्का, श्वास घ्यायचं पण लिहून ठेवतेस काय गं?" आणि मग स्वतःच्या गाडीचा विमा कधी संपतो ते मलाच विचारतो. घरात त्याला सगळे तम्मा म्हणतात. कन्नडमध्ये धाकटा भाऊ. आईचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे आमच्या घरात दोन्ही भाषा एकाच वाक्यात नांदतात.

गेम होत आला तेव्हा त्याने मला विचारलं, "तू खेळून बघ आणि लिस्ट करून दे. चांगलं काय, वाईट काय. नेटवर कच्चा गेम लोकांना खेळायला दिलाय, पण बाहेरचे लोक एक तर गोड बोलतात, नाहीतर शिव्या देतात."

मलाच विचारायला कारण होतं. लहानपणी टीव्हीला जोडायचा कॅसेटचा गेम घरी होता आणि त्यात तो माझ्याकडून सतत हरायचा.

"प्रौढांसाठी आहे हां," तो म्हणाला. "थोडं रक्त वगैरे."

"रक्ताचं मला काय सांगतोस."

"आणि पाण्याच्या टाकीत जाऊ नकोस. तिथलं काम बाकी आहे."

ते मी लिहून घेतलं.

या प्रकाराला मेट्रॉइडव्हेनिया म्हणतात. नाव चमत्कारिक असलं तरी गोष्ट सोपी आहे. एक मोठा नकाशा असतो. त्यात फिरताना बंद दारं लागतात, उंच कठडे लागतात, तिथे आज जाता येत नाही. पुढे कुठेतरी एखादी शक्ती मिळते, उंच उडी किंवा भिंतीला धरून चढणं, मग मागे यायचं आणि ते दार उघडायचं. मला हे पटलं. माझी निम्मी कामं अशीच होतात. आज साहेब नाहीत, सही नाही, नोंद करून पुढे जायचं आणि गुरुवारी परत यायचं.

तर चांगल्या बाजूला मी पहिलं लिहिलं, नकाशा. कुठलाही रस्ता उगाच काढलेला नाही, प्रत्येक बंद दार नंतर आठवतं. दुसरं, नायिका. तिशीची बाई आहे, धापा टाकते, पडली की गुडघा चोळते, उगाच गोड दिसत नाही. तिसरं, मागांचा हॉल. जमिनीखाली एक अख्खा कारखाना आहे, पॉवरलूमच्या रांगा, आणि माग चालू आहेत. खुंटीला जॉबरचा पाना टांगलेला आहे. आमचे वडील जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. तो पाना मी लगेच ओळखला. चौथी एक खोली, तिथे कंदिलाच्या उजेडात नायिका आणि एक रंगारी एकमेकांजवळ येतात. कपडे उतरतात, पण दोघंही राजीखुशीने, आणि मध्येच दोघांना हसू येतं. तेही मी चांगल्यात लिहिलं. प्रौढांसाठी म्हणजे असंच काहीतरी असेल असं मी धरून चालले.

आणि आवाज. नायिका खड्ड्यात किंवा काट्यांवर पडली की पडदा काळा होतो आणि एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येतो, "एळव्वा, ऊठ की." मग ती उठते. तो आवाज आमच्या आईचा आहे. 'एळव्वा' म्हणजे ऊठ गं बाई. शाळेच्या दिवसांत आई मला रोज याच शब्दांनी उठवायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवला आणि चहा टाकला.

आवाज रेकॉर्ड केल्यापासून आईचं एकच चाललं होतं. भाजीवालीला सांगून झालं, अक्कलकोटच्या मावशीला फोन करून झाला, "आमच्या तम्माच्या गेममदी माजा आवाज हाय." गेम बाहेर पडला की टीव्हीवर लावून दाखवीन, असा शब्द भावाने तिला दिला होता. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर आई कशाचीच वाट बघताना मला दिसली नव्हती. याची बघत होती.

वाईट बाजूही भरत होती. नकाशावर खूण करायची सोय नाही. अक्षरं मुंगीएवढी. खेळ जिथे जतन होतो त्या जागा इतक्या लांब लांब की दूध गॅसवर ठेवून बसायची सोय नाही. शेवटाकडे तीच ती फेरी. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं.

मग मी टाकीत गेले. काम बाकी असलेली जागा यादीत रिकामी ठेवणं मला जमत नाही.

टाकीत मागांचा आवाज पोचत नाही, सगळं गप्प आहे. पाण्यातून एक राक्षस आला आणि मी हरले. आतापर्यंत राक्षसाकडून मी एकदाही हरले नव्हते, फक्त पडले होते. त्यामुळे पुढे काय होतं ते मला माहीत नव्हतं. पडदा काळा झाला नाही. राक्षसाने तिला धरलं, तिचे कपडे फाडले, आणि त्यानंतरचं मी इथे लिहिणार नाही. ती नको म्हणत होती. चित्र फार मन लावून काढलेलं होतं. आणि ते संपता संपता, त्याच्यावरच, आमच्या आईचा आवाज आला. "एळव्वा, ऊठ की."

रविवारी सकाळी भाऊ शेंगाचटणी आणि भाकरी घेऊन बसला होता. आई अंघोळीला गेली होती. मी यादी त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

त्याने शेवटची, टाकीची ओळ वाचली. "मी सांगितलं होतं ना, तिथलं काम बाकी आहे म्हणून."

"बाकी कुठे? तिथेच तर सगळ्यात जास्त काम केलंस तू."

"अक्का, लोक त्यासाठीच विकत घेतात."

"मग नकाशा कशाला काढलास एवढा? तेवढंच विकायचं."

"तुला कळत नाही. दोघं-तिघं मिळून घरात बसून गेम करतात, त्यांच्यामागे कंपनी नसते, जाहिरात नसते. असे हजारो गेम पडून आहेत. हे असलं काहीतरी असेल तरच कुणी बघतं."

"बघतं काय ते कळलं मला. जो चांगला खेळतो त्याला यातलं काहीच दिसत नाही. हरणाऱ्याला दिसतं. आधी तू त्याला म्हणतोस, नीट खेळ, दार उघड. मग हरला की बक्षीस देतोस. बक्षीस म्हणजे काय, तर त्या बाईचे हाल. हा कुठल्या गावचा न्याय?"

तो भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "हरतात लोक. आम्ही कुठे मुद्दाम हरवतो? मागांच्या हॉलमध्येच निम्मे मरतात."

"मागांच्या हॉलमध्ये? तिथे कोण मरेल? तो तर सगळ्यात सोपा आहे."

कच्चा गेम खेळलेल्या लोकांनी लिहिलेलं त्याने फोनवर दाखवलं. हॉल अशक्य आहे. उडी कधी मारायची ते कळतच नाही. राक्षस कधी येईल त्याची काही खूणच नाही. एकाने लिहिलं होतं, तो हॉल पार करायचा नादच सोडला, नुसतं हरायचं आणि दृश्यं बघायची. खाली बाकीच्यांनी त्याला अंगठे दिले होते. म्हणजे टाकीतच नाही, हॉलमधल्या राक्षसाकडून हरलं तरी तेच दिसत होतं.

"तू कशी गेलीस गं?" भावाने विचारलं. या वेळी खरंच विचारलं.

मी बोटाने टेबलावर वाजवून दाखवलं. खटक-खट, खटक-खट. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा पलीकडे गेला की उडी, परत आला की थांब. राक्षसही त्याच चालीवर येतात. त्यात कळायचं काय.

त्यानेही बोटाने तेच वाजवून बघितलं. त्याने उड्या त्याच ठेक्यावर बेतल्या होत्या आणि वर खूण म्हणून काहीच काढलं नव्हतं, कारण खूण लागेल असं त्याला वाटलंच नव्हतं. आमच्या जुन्या घराच्या भिंतीपलीकडे माग होते. दिवस-रात्र चालायचे. बंद पडले तर आमची झोपमोड व्हायची. तो ठेका प्रत्येक माणसाच्या अंगात असतो असं धरून माझा भाऊ चालला होता, आणि मीही. त्याच्याबरोबर काम करणारा चित्रकारही आमच्याच गल्लीतला, त्यालाही काही खटकलं नाही.

म्हणजे जगभरचे लोक वडिलांच्या पान्याखाली त्या बाईचे हाल बघत बसले होते आणि वर आई तिला उठवत होती. मी हे त्याला याच शब्दांत सांगितलं.

"असं बोलू नकोस गं."

"तू केलंस. मी नुसतं बोलतेय."

"आवाजाबद्दल सगळे चांगलं लिहितात, माहितीय? भाषा कळत नाही त्यांना, तरी लिहितात. या आवाजासाठी परत उठावंसं वाटतं म्हणून."

"ते आईला वाचून दाखव. आणि कशातून उठायचं तेही वाचून दाखव."

न्हाणीघराचं दार वाजलं. मी आवाज खाली आणला. "दोनपैकी एक. ती दृश्यं काढ, नाहीतर आईचा आवाज काढ. दोन्ही एका गेममध्ये राहणार नाहीत."

"आठ दिवस दे," तो म्हणाला.

आई केस पुसत बाहेर आली. "काय चाललंय दोगांचं?"

"अक्काची लिस्ट," भाऊ म्हणाला.

"कर बाबा सांगती तसं. न्हायतर ती परत लिवल."

आठ दिवस त्याने हॉलमध्ये खुणा काढल्या. धोट्याला उजेड दिला, नकाशावर खूण करायची सोय केली, अक्षरं मोठी केली. माझ्या यादीतलं एकेक खोडून तो मला पाठवत होता, आणि मी मनात म्हणत होते, शेवटच्या ओळीपर्यंत येईल. दृश्यं जातील याबद्दल मला शंका नव्हती. आईचा आवाज कोण काढेल?

गेम बाहेर पडला त्या रविवारी आईने ठेवणीतली इरकल साडी नेसली. खुर्ची टीव्हीसमोर ओढून घेतली आणि चष्मा पदराने पुसला. भावाने मागांचा हॉल लावला. माग सुरू झाले तशी आईची मान हलायला लागली. पाना दिसला तेव्हा ती म्हणाली, "ह्यांचा हाय की." भाऊ हो म्हणाला.

"आता पाड तिला," आई म्हणाली.

भावाने नायिकेला काट्यांवर पाडलं. पडदा काळा झाला. आई जरा पुढे सरकली. एक घंटी वाजली, बारीक, फोनवर मेसेज आल्यासारखी. भावाने बटण दाबलं आणि नायिका उठली.

"माजा आवाज कुटं हाय?"

भावाने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. दोनपैकी एक, असं मीच म्हटलं होतं. त्याने एक निवडलं होतं.

"काढला आई," तो म्हणाला.

"बरा न्हाय आला व्हय?"

"चांगला आला होता. लई चांगला."

"मग?"

तो कंट्रोलरची वायर सरळ करायला लागला. एरवी घरातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी देते. दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचंसुद्धा. त्या दिवशी मीही बोलले नाही. आवाज का काढला ते सांगायचं तर गेममध्ये काय ठेवलं ते सांगावं लागलं असतं.

आईने टीव्हीकडे बोट केलं. "मग आता तिला उटवतंय कोन?"

"बटण दाबलं की उठते."

"आपली आपनच?"

"हो."

"परत पाड की."

भावाने पाडलं. पडदा काळा झाला, घंटी वाजली. आईने खुर्चीचे हात धरले आणि टीव्हीला हाक मारली, तशीच, मला मारायची तशी. "एळव्वा, ऊठ की."

भावाचा अंगठा बटणावर होता. त्याने दाबलं नाही. पडदा काळाच राहिला. आईने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने, आणि चष्मा काढून आमच्याकडे वळली.

"ऐकत न्हाय की रे ही," ती म्हणाली.