थोरली आणि धाकटी

कारखान्यातल्या गोष्टी आणि लेथखालचा कीस, दोन्ही रोज झाडले तरी रोज साठतात!

मी टेक्निकल शाळेत ड्रॉइंग शिकवायचो. शाळा सुटली की उद्यमनगरात दस्तगीरचाचांच्या फाउंड्रीत जाऊन बसायचो. चाचा ओतारी, विष्णू त्यांचा भागीदार आणि टर्नर. पोटासाठी पंपाची कास्टिंगं आणि हौसेसाठी वाफेची इंजिनं! खेळण्यातली नव्हेत हं. मांडीएवढी उंच, खरा कोळसा खाणारी, मागच्या पाटांवर माणसं बसवून ओढणारी. पहिलं केलं साठ सालाच्या आसपास, दुसरं त्यानंतर बारा-पंधरा वर्षांनी. पहिली थोरली, दुसरी धाकटी. थोरली चाचांची लाडकी, धाकटी विष्णूची. दोघींत सरस कोण, यावर रोज भांडण. चहा आला की थांबायचं, कप खाली ठेवला की पुन्हा सुरू.

* * *

थोरलीचा टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, जरा आखूडच होता.

त्याचं असं झालं. माप घ्यायला चाचा आणि विष्णू स्टेशनवर गेले. मिरजेची गाडी उभी होती. चाचा सुतळीला गाठी मारत मारत खऱ्या इंजिनाची मापं घेत चालले. टेंडरच्या हुकाला सुतळीचं टोक बांधलं आणि गाडी सुटली! विष्णू फलाटभर बोंबलत धावला. गार्डनं ओरडून विचारलं, "काय राहिलं?"

"माप!"

टेंडर मग अंदाजानं केला. कुणी आखूड म्हटलं की चाचा म्हणायचे, "उरल्याला टेंडर जयसिंगपुरात हाय की!"

* * *

धाकटीला विष्णूनं चकचकीत प्रेशरगेज बसवला. थोरलीला तसलं काही नव्हतं. चाचा कान देऊन वाफ ओळखायचे.

एकदा धाकटी पेटवली होती. काटा निम्म्यावर, विष्णू निवांत.

"इष्णू, बाजूला हो. ही लई तापलीया."

"काटा बघा की, चाचा!"

"काट्याला कान न्हाईत!"

तेवढ्यात सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. वाफेत काही दिसेना, माझा चहा राखेनं भरला. वाफ ओसरल्यावर विष्णूनं गेजला टिचकी मारली, तेव्हा कुठं काटा हलला.

"नवा हाय," विष्णू म्हणाला, "लाजतोय!"

* * *

आता धाकटीच्या चाकांचं.

थोरलीच्या चाकांचे लाकडी साचे विष्णूच्या बायकोनं कधीच बंबात घातले होते. आंघोळीला पाणी मात्र झकास तापलं म्हणे! चाचा म्हणाले, "साचा कशाला? थोरलीचंच चाक वाळूत दाबा. तिचा गुण उतरंल."

दाबलं. ओतलं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, म्हणून साचा नेहमी जरा मोठा ठेवतात, हे आम्हा तिघांनाही पाठ होतं. पण थोरलीच्या प्रेमात तिघंही विसरलो! त्यात लेथवर आणखी घासलं. धाकटी रुळावर उभी राहिली ती थोरलीपेक्षा बुटकी.

मी म्हटलं, "चाचा, गुण राहिला, उंची गेली."

चाचांनी दोन दिवस मला चहा विचारला नाही.

* * *

एका संध्याकाळी भांडण हातघाईवर आलं. विष्णू तावातावानं म्हणाला, "जास्त माणसं वडंल ती खरी! हरंल ती भट्टीत. तिच्या बिडात तिसरी वतू!"

"मंजूर!" चाचा म्हणाले.

रविवारी आवारात रूळ मांडले. आधी थोरली. नऊ माणसं तिनं हसत हसत ओढली. दहावा मी बसलो. माझं वजन विचारू नका! चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चाचांनी रुळावर वाळू टाकली, इंजिनाला "चल बेटा" म्हटलं. चाकांनी रूळ धरला, पण जोर पुरेना; ती हलली नाही.

मग धाकटी. बुटक्या चाकांचा जोर जास्त. बारा माणसं घेऊन निघाली! विष्णूनं टोपी उडवली, आणि मग चाचांकडं बघून गुपचूप उचलून खिशात घातली.

ती चाकं कुणाच्या सांगण्यावरून झाली होती, हे कुणी बोललं नाही.

चाचांनी थोरली पुसली, तेल घातलं. "शब्द म्हंजे शब्द, इष्णू. मंगळवारी वत." आणि घरी गेले. मला फार वाईट वाटलं.

* * *

आमची भट्टी मंगळवारीच पेटायची.

त्या मंगळवारी विष्णू म्हणाला, "कोळसा वला हाय, चाचा. थोरलीचं फुडल्या बारीला बघू." त्याच कोळशावर दिवसभर पंप ओतले.

पुढल्या मंगळवारी वाळू बरी नव्हती. त्याच्या पुढल्या मंगळवारी भट्टीचा पंखा कुरकुरत होता. चाचा दर खेपेला नुसते "बरं" म्हणायचे आणि थोरलीला तेल घालायचे.

पाच-सहा महिन्यांनी एक गिऱ्हाईक पंपाची कास्टिंगं न्यायला आलं. रविवारची ती पैज त्यानं पाहिली होती. थोरलीकडं बोट करून म्हणालं, "व्हय इष्णू मिस्त्री, ही वतायची हुती न्हवं?"

मागं भट्टीचं तोंड फोडलेलं, बीड धो धो वाहत होतं, ठिणग्या छपरापर्यंत उडत होत्या. विष्णूनं शर्टावरची एक ठिणगी झटकली.

"भट्टी बंद हाय, पावणं!"