फादर ओदोंचं भाष्य

सुगीचे दिवस. बर्गंडीतल्या त्या डोंगरी मठात दुपारचं जेवण उरकून साधू आपापल्या खाटेवर आडवे झालेत. थिएरीचाही डोळा लागतोय, पण मन थाऱ्यावर नाही. आज संध्याकाळी बिशप येणार, आणि जेवणघरात पंगतीसमोर स्तोत्रांवरचं नवं भाष्य वाचायचं काम थिएरीकडे आहे. भाष्यावर नाव मठाधिपती रेनो यांचं. लिहिलं मात्र थिएरीचे गुरू फादर ओदों यांनी, उभी हयात घालवून. माझं नाव का खोडलं, एवढंच त्यांनी विचारलं. ऐन हिवाळ्यात मठाधिपतींनी त्यांना तळघरात कोंडलं, शेकोटीविना. तिथेच ते गेले.

शेजारी कुणी कण्हतंय. थिएरी कूस बदलतो, तर खाटांच्या जागी ग्रंथालयातली लांब मेजं आहेत आणि एका मेजाशी ओदों बसलेत. ओठ काळेनिळे.

"फादर, दुखतंय का?"

"मेलेल्याला काय दुखणार? आत आग पेटलीय, पण ऊब नाही."

ते उठून चालू लागतात. ग्रंथालयाचं दार उघडतं ते थेट द्राक्षमळ्यात. वेलींवर बर्फ लोंबतोय आणि मधोमध जेवणघरातलं वाचनपीठ उभं आहे. थिएरी म्हणतो, बिशपांना सांगून भाष्यावर तुमचं नाव परत घालून घेऊ. ओदों मान हलवतात. मातीखाली नाव वाचतंय कोण, म्हणतात.

"मग काय हवंय तुम्हाला?"

"बिशपादेखत रेनोचा घास घशात अडकलेला हवाय. लॅटिन मी शिकवलं तुला, ग्रीकही. पण हे मात्र साध्या बोलीत सांग. आचाऱ्यालाही कळलं पाहिजे, मला कुणी मारलं."

"ते मलाही तळघरात टाकतील."

"टाकतील." ओदों समजूत घालत नाहीत.

थिएरी चाचरत विचारतो, "आणि क्षमा? तीही तुम्हीच शिकवलीत."

"क्षमेवरचं प्रकरण आता त्याच्या नावावर आहे. माझ्याकडे क्षमा उरलेली नाही."

एवढं बोलून ते थिएरीचं मनगट घट्ट धरतात.

प्रार्थनेची घंटा वाजतेय. खिडकीतून ऊन अंगावर आलंय, मानेवर घाम आहे. थिएरी उठून बसतो. मनगटावर पाच बोटं उमटलीत, हिमानं करपल्यासारखी पांढरीफटक. दाबून पाहिलं तर तिथे स्पर्शच कळत नाही.

बाकीचे साधू उठतायत. खूण झाकायला थिएरी बाही खाली ओढत नाही.